तुटलेल्या दात्याचा माग

पुण्याहून बंगळुरूला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग आणि तुमकूर ही गावे मागे टाकीत सुमारे साडेआठशे किलोमीटरांची मजल पुरी करतो व नेलमंगलावरून शहरात उतरतो. शहराच्या तोंडाशीच यशवंतपूर लागते. महाराष्ट्रातला कांदा ट्रक भरभरून जेथे येतो ती बाजारपेठ येथेच आहे. मालमोटारींचा मोठा तळही येथेच आहे. १९६२ साली सेंट्रल मशीन टूल इन्स्टिट्यूट या नावाने सुरू झालेली, आणि आज सेंट्रल मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी, यंत्रनिर्मितीच्या सूक्ष्म मापनात नाव मिळवलेली संस्था याच तुमकूर रस्त्यावर उभी आहे. एकीकडे तेलाने काळवंडलेली गॅरेजे आणि दुसरीकडे सहस्रांश मिलिमीटरांचा हिशेब ठेवणारी प्रयोगशाळा, असा हा शेजार आहे. इंजिनातील एखादे दंतचक्र तुटते तेव्हा या दोन्ही ठिकाणी विचारला जाणारा प्रश्न मात्र एकच असतो: आधी काय मोडले, आणि त्यामुळे पुढे काय काय मोडले?

या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी एक उदाहरण कल्पावे. सहा सिलिंडरांचे, जुन्या धर्तीच्या यांत्रिक इंधनपंपाचे डिझेल इंजिन असलेला एक ट्रक कांदा घेऊन बंगळुरूकडे येत आहे. नेलमंगलाच्या अलीकडे, सपाट रस्त्यावर, इंजिनातून पुढच्या बाजूने एकदा ‘कडाड्’ असा आवाज होतो, मागोमाग पत्र्याच्या डब्यात खडे खडखडावेत तसा नाद उठतो आणि इंजिन बंद पडते. ट्रक ओढून गॅरेजात आणला जातो. मिस्त्री पुढचे झाकण उघडतो आणि पाहतो, तो टायमिंग गिअरच्या साखळीतील मधल्या चक्राचे पाच दाते गळालेले आहेत. मालक स्वतःच चालक आहे. गाडीचे हप्ते चालू आहेत, कांदा दुसऱ्या गाडीत भरून पाठवावा लागला आहे. त्याचे म्हणणे सरळ असते. चक्र तुटले आहे, तर नवे चक्र आणावे, बसवावे आणि गाडी सोडावी. जयचामराजेंद्र रस्त्यावरच्या सुट्या भागांच्या बाजारात चक्र मिळेल. एका दिवसाचे काम. हेड उघडायचे म्हटले तर आठवडा गेला आणि खर्च कित्येक पट झाला.

मालकाचे म्हणणे चुकीचे आहे की बरोबर, हे तुटलेल्या चक्राकडे नुसते पाहून सांगता येत नाही. त्यासाठी चक्र तुटल्याच्या क्षणानंतर इंजिनाच्या पोटात काय घडले असेल, ते आधी समजून घेतले पाहिजे.

डिझेल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात एक दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, खालीवर होत असतो. हवा ओढून घेणे, ती दाबणे, इंधन जळून दाब निर्माण होणे आणि जळका धूर बाहेर टाकणे ही चार कामे पिस्टनाच्या चार फेऱ्यांत होतात. तेवढ्यात क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो. हवा आत घेणारी आणि धूर सोडणारी झडप या चार फेऱ्यांत प्रत्येकी एकदाच उघडावी लागते. म्हणून त्या उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरवावा लागतो. हे निम्मेपण दात्यांच्या संख्येने साधले जाते. क्रँकच्या चक्राला २४ दाते असतील, तर कॅमच्या चक्राला ४८. दोहोंमधले अंतर भरून काढण्यासाठी मध्ये एक चक्र असते. त्याचे दाते कितीही असले तरी वेगांचे प्रमाण बदलत नाही. आपल्या उदाहरणात ते ३७ आहेत. याच साखळीतून इंधनाचा पंप चालतो, आणि बऱ्याच इंजिनांत ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही.

आता अंतरांचा विचार करावा. पिस्टनाची धाव १२८ मिलिमीटर आणि दाबाचे प्रमाण १७ ला १ असेल, तर पिस्टन माथ्यावर पोचतो तेव्हा त्याच्यावर उरणारी सारी जागा सपाट पसरली तर तिची उंची अवघी ८ मिलिमीटर भरेल. त्यातही बरीचशी जागा पिस्टनाच्या डोक्यात कोरलेल्या वाटीत गेलेली असते. पिस्टनाची कड आणि हेड यांच्यामध्ये उरते ते एक मिलिमीटरच्या आसपास. उलट झडप पुरती उघडली म्हणजे ती सिलिंडरात सुमारे १० मिलिमीटर खाली उतरते. म्हणजेच पिस्टन वर असताना उघडी झडप तेथे मावूच शकत नाही. दोघांनी एकच जागा वेगवेगळ्या वेळी वापरायची, हा त्यांच्यातील करार. आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा पहारेकरी म्हणजे टायमिंग गिअर.

पहारेकरी पडला की कॅमशाफ्ट जवळजवळ तत्क्षणी थांबतो, कारण त्याला अडवून धरणाऱ्या झडपांच्या स्प्रिंगा जबर असतात आणि त्याच्या अंगी साठवलेला वेग अगदी थोडा असतो. क्रँकशाफ्ट मात्र थांबत नाही. त्याच्या टोकाला जड फ्लायव्हील आहे. शिवाय गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन चाकांना नव्हे, चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. मिनिटाला १,८५० फेऱ्यांच्या गतीने चाललेल्या इंजिनाची एक फेरी सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात पुरी होते. चालकाचा पाय क्लचवर पोचण्यापूर्वी प्रत्येक पिस्टन पुष्कळ वेळा माथ्यावर येऊन गेलेला असतो. ज्या झडपा त्या क्षणी उघड्या राहिल्या त्यांना पहिल्याच फेरीत तडाखा बसतो. म्हणून चालकाने क्लच दाबला की नाही, हा प्रश्न पहिल्या आघाताबाबत गौण असला तरी पुढच्या हानीबाबत फार महत्त्वाचा असतो. वाकलेल्या झडपेवर पिस्टन शंभर वेळा आपटला तर तिचे डोके तुटून सिलिंडरात पडू शकते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. सहा सिलिंडरांच्या बारा झडपांपैकी प्रत्येक झडप आपल्या चक्राचा सुमारे एक तृतीयांश काळ उघडी असते. तेव्हा कॅमशाफ्ट कोठेही थांबला तरी त्या क्षणी चारेक झडपा कमीअधिक उघड्या सापडणार, आणि उरलेल्या आठ बंद. सर्व सिलिंडरांना सारखी इजा होत नाही. कोणत्या झडपा सापडतील, हे कॅमशाफ्ट कोठे थांबला यावर अवलंबून असते. आणि ते तर आजही इंजिन उघडून पाहता येते! तपासाचा खरा धागा हाच होय.

म्हणून पहिला नियम असा, की अशा इंजिनाला स्टार्टर लावू नये. ‘एकदा फिरवून तर पाहू’ या मोहाने जितकी इंजिने पुरती निकामी होतात तितकी मूळ अपघाताने होत नसावीत. गाडी ढकलून चालू करण्याचा प्रयत्न तर त्याहून वाईट. इंजिन न फिरवता आधी चालकाशी बोलावे. आवाज आधी झाला की इंजिन आधी बंद पडले? गाडी कितव्या गिअरमध्ये होती? तेलाच्या दाबाचा काटा केव्हा पडला? आणि शेवटचा, बहुधा सर्वांत मोलाचा प्रश्न: अलीकडे इंजिनाचे कोणते काम झाले होते? आपल्या उदाहरणातला मालक सांगतो, की चार महिन्यांपूर्वी पुढून तेल गळत होते म्हणून पुढचे झाकण काढून पुन्हा बसवले होते. हे उत्तर तूर्त लक्षात ठेवावे.

त्यानंतर वरचे टॅपेट कव्हर काढतात. रॉकर कोणत्या स्थितीत थबकले आहेत ते पाहून कॅमशाफ्टची अवस्था कळते. या इंजिनाचा स्फोटक्रम १-५-३-६-२-४ असा आहे. पहिल्या सिलिंडराच्या दोन्ही झडपा बंद असून, कॅमच्या कोनावरून पाहता, तेथे नुकताच दाब निर्माण होऊन पिस्टन खाली निघाला होता. मग बाकीच्यांचा हिशेब कागदावर मांडता येतो. पाचवा सिलिंडर हवा दाबत होता, म्हणजे त्याच्याही झडपा बंद. तिसरा हवा ओढत होता. त्याची आतली झडप जवळजवळ पूर्ण उघडी. दुसरा धूर टाकत होता. त्याची बाहेरची झडप पूर्ण उघडी. सहाव्यात धूर टाकणे संपत येऊन आतली झडप थोडीशी उघडली होती. चौथ्यात बाहेरची झडप केसभर उघडू लागली होती. म्हणून हेड न उघडताच भाकीत करता येते: पहिला आणि पाचवा सिलिंडर वाचले असावेत, दुसऱ्याची बाहेरची आणि तिसऱ्याची आतली झडप जबर दुखावली असावी, सहावा संशयित, चौथा बहुधा सुटला.

हे भाकीत पडताळून पाहण्याच्या पायऱ्या साध्या आहेत, पण त्यांचा क्रम चुकवून चालत नाही. झडपांच्या टोकांवर एक सरळ पट्टी धरली तर वाकून अडकलेली झडप शेजारणींपेक्षा खाली बसलेली दिसते, आणि तिच्या व रॉकरच्या मधली फट फिलर गेजने मोजली तर ती मिलिमीटरच्या अंशांत न राहता चक्क दोन-अडीच मिलिमीटर भरते. पुशरॉड बाहेर काढून सपाट काचेवर लोळवतात. सरळ दांडी निमूट लोळते, वाकलेली ठेचकाळत जाते. येथे दुसऱ्याच्या बाहेरच्या व तिसऱ्याच्या आतल्या झडपेच्या दांड्या वाकलेल्या निघाल्या. अशा इंजिनांत पुशरॉड काहीसे विजेच्या फ्यूजसारखे वागते. पिस्टनाने झडपेला वर ढकलले की तो धक्का रॉकरमार्गे पुशरॉडवर येतो, आणि ती सडपातळ दांडी वाकून झडपेला माघार घेण्यास वाट करून देते. कॅमशाफ्ट हेडवरच बसवलेल्या इंजिनांत ही सोय नसते. तेथे धक्का सरळ झडपेने, पिस्टनाने किंवा कॅमने सोसावा लागतो.

सगळे रॉकर सैल केले म्हणजे ज्या झडपा मिटू शकतात त्या मिटतात. मग इंजेक्टर, ज्यांना गॅरेजात नोझल म्हणतात, ते काढून क्रँकशाफ्ट हाताने अगदी सावकाश फिरवावा. हाताला अडथळा लागला तर जोर करू नये. कोणता पिस्टन वर येत असताना तो लागला ते टिपून ठेवावे. मोकळेपणे फिरले तर नोझलच्या भोकातून एकेका सिलिंडरात दाबाची हवा सोडून कान द्यावा. हवा धुराच्या नळीतून फुसफुसली तर बाहेरची झडप मिटत नाही. हवा ओढण्याच्या नळीतून आली तर आतली. तेल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टन किंवा त्याच्या रिंगा. आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. वैद्य छातीला नळी लावून ऐकतो त्याच जातीची ही परीक्षा होय. त्याच भोकातून आता बारीक कॅमेराही आत सोडता येतो, आणि पिस्टनाच्या डोक्यावर झडपेच्या कडेने उमटवलेली चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण पडद्यावर दिसते. तिसऱ्यात ती खोल आहे, दुसऱ्यात मध्यम. सहाव्यात पुसट, हळूच टेकल्यासारखी. चौथ्यात काहीच नाही. कागदावरचे भाकीत असे एकेक करून खरे ठरले.

ते खोटे ठरले असते तर? तेही तितकेच बोधक असते. समजा, सहाही पिस्टनांवर सारखीच पुसट खूण सापडली. मग कॅमशाफ्ट थांबला नव्हता, तर दाते घसरून एक-दोन घरे मागे पडला होता, असे अनुमान निघते. ४८ दात्यांच्या चक्रावर एक दाता म्हणजे कॅमचे साडेसात अंश आणि क्रँकचे पंधरा अंश होत. एवढ्या चुकीने इंजिन कदाचित चालतेही, पण ते पांढरा धूर ओकते आणि चढावर दम टाकते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या गाड्यांत क्रँक व कॅम या दोहोंवर संवेदक असतात, आणि त्यांचा मेळ बिघडताच संगणक तशी नोंद करतो. पण तो सांगतो ते इतकेच, की मेळ बिघडला. कोणती झडप वाकली हे सांगण्याचे काम अजून फिलर गेज आणि काच यांच्याकडेच आहे.

आता तुटलेल्या चक्राकडे वळावे. धातूचा तुटलेला पृष्ठभाग पुष्कळ काही बोलतो, मात्र तो पुसण्यापूर्वी वाचला पाहिजे. पाच दात्यांपैकी चार दात्यांच्या भंगावर खडबडीत, कणीदार, चमचमणारी रचना आहे. हे दाते एकाच जबर धक्क्याने तुटले. पाचव्याचा भंग वेगळा आहे. त्याच्या एका टोकाशी गुळगुळीत, काळसर भाग असून त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा वक्ररेषा एकाच बिंदूभोवती पसरल्या आहेत. उरलेला थोडा भाग तेवढा कणीदार आहे. याचा अर्थ, या दात्याला आधीच तडा गेला होता आणि तो दिवसेंदिवस सरकत होता. धातूला शीण येतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात आगगाड्यांचे आस मोडू लागले तेव्हा लोकांच्या ध्यानात आली. जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवून दिले, की एका वेळी सहज पेलणारा भारदेखील लाखो वेळा उलटसुलट दिला तर पोलाद तुटते. १९५९ साली स्थापन झालेल्या आणि पुढे बंगळुरूत स्थिरावलेल्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत विमानांच्या मोडलेल्या भागांचा तपास अशाच खुणांच्या आधारे होतो. शिंपल्याच्या रेषा विमानाच्या पंखावर असोत की ट्रकच्या चक्रावर, त्यांची लिपी एकच.

त्यातही मधल्या चक्राचे नशीब इतरांहून कठीण. क्रँकच्या चक्राचा दाता बहुतांशी एकाच बाजूने रेटला जातो. मधल्या चक्राच्या दात्याला एका बाजूने रेटा घ्यायचा आणि अर्धीअधिक फेरी गेल्यावर दुसऱ्या बाजूने तो पुढे द्यायचा असतो. त्यामुळे प्रत्येक फेरीत तो एकदा इकडे आणि एकदा तिकडे वाकतो. इंजिनाची गती मिनिटाला १,८५० फेऱ्या असता २४ आणि ३७ दात्यांच्या हिशेबाने हे चक्र मिनिटाला १,२०० वेळा फिरते. पुण्याहून बंगळुरूपर्यंतच्या वीस तासांच्या चालीत ते १४,४०,००० फेऱ्या घेते. एका खेपेत एवढी वाकवावाकवी होते.

पण मग सदतीस दात्यांपैकी तडा नेमका याच दात्याला, आणि तोही टोकाशीच का? भार दात्याच्या पूर्ण रुंदीवर पसरत असेल तर टोकालाच तडा जाण्याचे कारण नाही. चक्र कललेले असले पाहिजे. ते ज्या खुंटीवर फिरते तिच्यावरची पितळी बुश काढून पाहिली तर ती एका अंगाने झिजलेली असून खुंटीवर निळसर झाक आहे. पोलादावर असा निळा रंग येतो तो तापल्याने. आणि तापते ते वंगण न मिळाल्याने. खुंटीतल्या तेलाच्या बारीक भोकात तार घातली तर ती अडते, आणि बाहेर येतो रबरासारखा एक लहानसा गोळा. चार महिन्यांपूर्वी पुढच्या झाकणाची गळती थांबवण्यासाठी लावलेली पेस्ट! ती हात सैल सोडून लावली गेली, दाबाने आत ओघळली, आणि तिचा एक तुकडा तेलाबरोबर वाहत येऊन भोकाशी अडकला. थेंबभर पेस्टने चक्राचे वंगण तोडले, बुश झिजली, चक्र कलले, एका दात्याच्या टोकावर भार एकवटला, तडा गेला, आणि नेलमंगलाच्या अलीकडे तो दाता सुटून शेजारच्या चौघांच्या जबड्यात सापडला.

मालकाच्या म्हणण्याप्रमाणे नुसते नवे चक्र बसवले असते तर तेही त्याच कलत्या बुशवर, त्याच कोरड्या खुंटीवर फिरले असते. मूळ कारण प्रत्येक इंजिनात वेगळे असू शकते. काही वेळा कॉम्प्रेसर किंवा इंधनपंप आतून जखडतो आणि त्याला फिरवू पाहणाऱ्या चक्राचे दाते उपटले जातात. म्हणून साखळीतले प्रत्येक यंत्र सुटे करून हाताने फिरवून पाहावे लागते. अमेरिकेत कमिन्स कंपनीच्या ५.९ लिटरच्या एका प्रसिद्ध इंजिनात पुढचे आवरण जागेवर बसवणारी एक लहानशी पोलादी खीळ कंपनाने सरकत बाहेर येई आणि क्वचित टायमिंग गिअरांत पडे. तेथील गाडीवाल्यांनी त्या बोटाच्या पेराएवढ्या खिळीला ‘मारेकरी खीळ’ असे नाव दिले. खीळ बाहेर येऊ नये म्हणून तिच्यावर एक पट्टी आवळणे, एवढाच त्यावरचा उपाय.

कारण सापडले, झडपा कळल्या. तरी एक हिशेब बाकी राहतो, आणि गर्दीच्या गॅरेजात नेमका तोच टाळला जातो. पाच दाते तुटले, तर पाच दाते सापडले पाहिजेत. इंजिनाखालचे तेलाचे चेंबर उतरवून तळाचा गाळ लोहचुंबकाने शोधतात, आणि फुटलेल्या मडक्याची खापरे जुळवावीत तसे तुकडे चक्राच्या रिकाम्या जागांशी जुळवतात. साडेचार दाते जमले. उरलेला अर्धा दाता चेंबरात नाही, पुढच्या झाकणात नाही. तो निघाला तेलपंपाच्या तोंडाच्या जाळीत, आडवा अडकलेला. पंपात जाण्याइतका तो लहान नव्हता, हे इंजिनाचे सुदैव. पण त्याच्यासोबत उडालेला बारीक चुरा जाळीतून गेला असेलच. म्हणून तेलाचा फिल्टर कापून त्याचा कागद पसरावा लागतो, आणि क्रँकच्या दोन-तीन बेअरिंगांच्या टोप्या उघडून आतला मऊ थर ओरखडला आहे का ते पाहावे लागते. येथे फिल्टरात चुरा सापडला. बेअरिंगे स्वच्छ निघाली. फिल्टरने आपले काम केले होते.

शेवटी हेड उतरले. प्रत्येक पिस्टन माथ्यावर आणून त्याची उंची डायल गेजने मोजली गेली. एखादा कनेक्टिंग रॉड वाकला असता तर त्याचा पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली राहिला असता. सहाही पिस्टन एकमेकांपासून मिलिमीटरच्या पाचशतांश भागाच्या आत निघाले. म्हणजे क्रँकशाफ्ट बाहेर काढण्याची गरज नाही. मालकाच्या खर्चातला फार मोठा आकडा या एका मापनाने खोडला गेला, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण कसून तपासणी म्हणजे खर्च वाढवणे, असा समज सर्वत्र आहे. तिसऱ्या पिस्टनावर लाल रंगाचे पातळ द्रव्य लावून, पुसून, वर पांढरी भुकटी फवारली तेव्हा चंद्रकोरीपासून वाटीच्या कडेपर्यंत एक बारीक लाल रेघ वर आली. तडा! तो पिस्टन बदलायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर नुसता खळगा होता. तो ठेवता आला. तिसऱ्याची आतली आणि दुसऱ्याची बाहेरची झडप उघड उघड वाकड्या होत्या, त्यांविषयी वाद नव्हता. त्यांना सामावून घेणाऱ्या नळ्याही बदलल्या गेल्या, कारण वाकलेली झडप आपली नळी आतून चिरते.

वाद झाला तो सहाव्या सिलिंडराच्या आतल्या झडपेवरून. डोळ्यांना ती अगदी सरळ दिसत होती. हवेच्या परीक्षेत तिने फारशी गळतीही दाखवली नव्हती. मालक म्हणाला, ‘मिस्त्री, ही चांगली आहे, राहू द्या.’ मिस्त्रीने ती दोन खाचांवर आडवी ठेवून हळूहळू फिरवली आणि तिच्या डोक्यावर डायल गेज टेकवले. काटा एका फेरीत मिलिमीटरच्या दशांश भागाएवढा हलला. एवढीशी वाकडी झडप मिटताना आधी एका अंगाने टेकते, मग दुसऱ्या. आणि दर खेपेला डोक्याखालच्या निमुळत्या जागी तिची दांडी किंचित वाकते. वाकणे, सरळ होणे, पुन्हा वाकणे, सेकंदाला पंधरा वेळा. मधल्या चक्राच्या दात्याचे जे झाले तेच तिचे होणार. फक्त त्या वेळी डोके तुटून पिस्टनावर पडेल, हेडमध्ये घुसेल, त्याचे तुकडे धुराबरोबर टर्बोच्या पात्यांपर्यंत जातील. आणि हे कोठे घडेल ते कोणी सांगावे, कदाचित भरल्या गाडीनिशी खंबाटकीच्या चढावर. वाकलेली झडप ठोकून सरळ करण्याची चालही काही ठिकाणी आहे. तिने वाकणे जाते, पण आत सुरू झालेला तडा जात नाही. ती झडप मिस्त्रीने मालकाच्या हातात दिली आणि नवी मागवली.

इंजिन बांधताना खुंटीचे भोक मोकळे करून त्यातून तेल वाहते की नाही ते पाहिले गेले, नवी बुश बसली, नवे चक्र बसले. चक्रांवरच्या ठिपक्यांच्या खुणा एकमेकींसमोर आणून साखळी जुळवली. नंतर क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून पाहिले, तेव्हा क्रँकची आणि कॅमची खूण जागेवर आली होती, पण मधल्या चक्राची खूण भलतीकडेच! नवशिका मदतनीस घाबरला. घाबरण्याचे कारण नव्हते. ३७ हा आकडा २४ ला किंवा ४८ ला नेमका भाग देत नाही; म्हणून तिन्ही खुणा पुन्हा एका रांगेत यायला क्रँकच्या ७४ फेऱ्या लागतात. अशी विषम संख्या मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यामुळे तेच ते दाते पुनःपुन्हा एकमेकांना भिडत नाहीत आणि झीज सर्वांत सारखी वाटली जाते.

मग नोझल न लावताच स्टार्टरने इंजिन फिरवले, तेलाच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत. नोझल बसले, इंजिन चालू झाले, पंधरा मिनिटे एका लयीत चालले. दोन दिवस शहराच्या आसपास गाडी फिरल्यानंतर नवा फिल्टर पुन्हा कापला गेला. त्याचा कागद वर्तमानपत्रावर पसरून मिस्त्रीने त्यावरून लोहचुंबक फिरवला. चुंबकाला चिकटले ते राखेसारखे थोडे करडे पीठ. बोटांत चोळल्यावर ते कोठेही खरखरले नाही.